बाभळीच्या शेंड्यावर पडलेला उजेड

आमच्या वाडीतलं कुणी बीड जिल्ह्यात जाऊन आल्याचं मी ऐकलेलं नाही. जायला कारणच पडत नाही. मला पडलं, कारण मी सुकी मासळी पोचवतो. परत आल्यावर सगळे विचारू लागले, तिकडे काय आहे, तिकडे काय खातात. प्रत्येकाला वेगळं सांगताना माझ्या हातून काहीतरी सुटत होतं, म्हणून वाचनालयाच्या मास्तरांनी सांगितलं, एकदा लिहूनच काढ. लिहिलं आहे. शुद्धलेखन मास्तरांनी तपासलं आहे. बाकीच्या चुका माझ्या.

हर्णैजवळ पार्वतीकाकूंचा सुक्या मासळीचा धंदा आहे. त्यांच्या पिकअपवर मी तीन वर्षं आहे. माझी शाळा आठवीत सुटली आणि त्यानंतर मला कुणी काही हातात दिलं असेल तर ते काकूंनी, आणि ती गाडीची चावी होती. हे उपकार मी विसरत नाही, आणि ते कधी परत घेतले जातील या काळजीनं मला झोपही नीट लागत नाही. दोन्ही एकाच वेळी चालतं.

सिरसाळ्याच्या आठवडी बाजारातल्या एका व्यापाऱ्यानं बोंबील आणि सुकट मागवली. याआधी माझी धाव पुण्यापर्यंत. काकूंना मी आधीच सांगून टाकलं की गाडीचे दिवे अंधूक आहेत, दिवस मावळला की रस्ता आणि रस्त्याची कड मला एकच दिसते.

"दिवे बदलून घे वाटेत," काकू म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "पण तुला दिसतं ना रे नीट? नसलं तर आताच सांग. मी दुसरा माणूस बघते."

"दिसतं की," मी म्हटलं.

लायसन काढताना एका डॉक्टरांनी मान वर न करता मला दिसतं असं लिहून दिलं होतं. मीही ते खरं धरलं होतं.

नगर

घाट चढून वर आलं की एक गोष्ट लक्षात येते. आमच्याकडे रस्ता दर शंभर पावलांवर वळतो. त्यामुळे लांबचं बघायची वेळच येत नाही. जे काय आहे ते वळणावर येऊन उभं राहतं. इकडे रस्ता सरळ जातो आणि जातच राहतो. पुढून येणारी गाडी आधी अर्धा तास नुसता ठिपका असते म्हणे. मला तो ठिपका दिसला नाही. मला थेट गाडी दिसे. मी ते दिव्यांच्या खात्यावर टाकलं. दिवसाढवळ्या दिव्यांचा काय संबंध, हे तेव्हा मनात आलं नाही.

नगरला गाड्यांच्या सामानाच्या एका दुकानात एलईडीचा जोड मिळाला. स्वस्तातला होता. खोक्यावर गाडीच्या दिव्यातून सूर्य निघत असल्याचं चित्र होतं.

"बसवायला किती वेळ लागतो?" मी विचारलं.

"बसवायचं काय त्यात? जुना काढायचा, नवा घालायचा," दुकानदार म्हणाला. "आंधळ्यालाही दिसेल."

मी लगेच घेतला.

शहराबाहेर एका ढाब्याच्या आवारात गाडी लावली. दिव्याच्या मागची रबराची टोपी काढली, तारेची क्लिप सोडवली, पिवळा बल्ब बाहेर काढून पायमोज्यात ठेवला. नव्या बल्बच्या पाठीला लहानसा पंखा होता, त्यामुळे टोपी परत बसेना. ती मी सीटखाली ठेवली. बल्बला फिरणारी एक रिंग होती. ती का फिरते हे खोक्यावर नव्हतं. जिथं ती घट्ट बसली तिथं मी ती राहू दिली.

जेवणात बाजरीची भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी होती. आमच्याकडे जी जी कामं नारळ करतो ती सगळी इकडे शेंगदाणा करतो, आणि तक्रार करत नाही. ढाब्यावरच्या माणसानं तिसरी भाकरी न विचारता वाढली आणि गाडीकडे बघत विचारलं, "काय भरलंय? वास येतोय." मी सांगितलं. तो म्हणाला, "येऊ द्या." इतक्या सभ्यपणे मला आजवर कुणी हे म्हटलेलं नाही.

कड्याच्या अलीकडे

कडा हे आष्टीच्या अलीकडचं गाव. ते यायच्या आधीच सूर्य टेकला आणि मी दिवे लावले. उजेड खरोखर पांढराशुभ्र पडला. खोक्यावर सांगितलं होतं तसाच. डावा दिवा रस्त्याकडेच्या बाभळींच्या शेंड्यावर पडला. शेंड्यावर सुगरणीची दोन घरटी होती, ती इतकी लख्ख उजळली की मलासुद्धा दिसली. उजवा दिवा समोरून येणाऱ्याच्या बाजूला गेला. मधोमध रस्ता होता, तिथं अंधार होता.

मला वाटलं, नव्या दिव्यांची सवय व्हावी लागत असेल.

समोरून उसानं भरलेली टायरगाडी येत होती. टायरगाडी म्हणजे ट्रकची चाकं लावलेली बैलगाडी. उसाच्या मोळ्या घराएवढ्या उंच रचलेल्या असतात आणि बैल त्यांच्यापुढे उंदराएवढे दिसतात. हे मला नंतर जवळून बघून कळलं. त्या वेळी मला काहीच दिसलं नाही. बैलांना मात्र मी दिसलो. उजव्या दिव्याचा सगळा उजेड त्यांच्या डोळ्यांत गेला आणि त्या दोघांनी रस्ता सोडून शेताकडे वळायचं ठरवलं. मधे चर होता. गाडीचं एक चाक चरात गेलं, दोर तुटला आणि निम्मा ऊस खाली आला. उसाबरोबर वर झोपलेला एक माणूसही खाली आला. तो मोळ्यांवर उठून बसला आणि म्हणाला, "कारखाना आला का?"

मी ब्रेक मारला होता. गाडी थांबली तेव्हा बैलांच्या शिंगांत आणि माझ्या बंपरमध्ये दोन हात अंतर होतं. मी मोजलं, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

बैलांच्या तोंडाशी एक बाई उभी होती. एका हातानं तिनं दोन्ही वेसणी धरल्या होत्या, दुसरा हात डोळ्यांवर होता.

"आरं ए! दिवा बंद कर आदी! कावून बैलाचे डोळे फोडायलास?"

मी बंद केला. "मावशी, चुकलं. नवीन दिवे आहेत."

"नवे हायत तर देव्हाऱ्यात ठीव. रस्त्यावर कशाला आणलास?"

तिचं नाव आसराबाई. खाली आलेला तो तिचा नवरा, बाजीराव. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. तो म्हणाला की ऊस पडला तर माणूस उसावर पडतो, त्यात विशेष काही नाही. मी हात जोडले.

"हात जोडू नगंस, मोळ्या उचल," आसराबाई म्हणाली.

मोळ्या उचलल्या. उसाची पातं कापतात हे मला माहीत नव्हतं. माझे दोन्ही हात मनगटापर्यंत रेघारेघांचे झाले. उजेड उतरत चालला होता आणि कामाला उजेड हवा होता. माझ्याकडे एवढा उजेड होता, पण तो बाभळीवर होता.

टायरगाडीच्या मागून दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर येऊन थांबला. चालवणारा पन्नाशीचा, डोक्याला मफलर. त्याला सगळे बप्पा म्हणत होते. म्हणून मीही म्हटलं.

"काय झालं आक्का?"

"पाव्हण्यानं दिवाळी केली."

बप्पानं खाली उतरून माझे दिवे एकदा लावायला सांगितले. मी लावले. त्यानं आधी बाभळीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय बे, माकडं धरायला आलास का? शेंड्यावर काय हुडकायलास?"

मी सांगितलं, सिरसाळ्याला निघालोय, सुकी मासळी आहे.

"ह्या दिव्यावर सिरसाळा? तू आष्टीसुद्धा गाठत न्हाईस. गाडी फिरव आन् चल माझ्या मागं. कारखान्यात नंबर लागंपत्तुर मला बसायचंच हाय. करून देतो नीट."

कारखान्याचं आवार

कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टर आणि बैलगाड्या वजनाच्या नंबरासाठी उभ्या असतात, वेगवेगळ्या रांगांत. नंबर कधी दोन तासांनी येतो, कधी दुसऱ्या दिवशी. हवेत काकवीचा गोड वास, त्यावर माझ्या गाडीचा वास. काही लोकांनी रांगेतली जागा बदलली. कुणी वाईट बोललं नाही.

या ताटकळण्यातून त्या लोकांनी दिवे नीट करायची एक पद्धत बसवली आहे. आमच्याकडे दिवे भिंतीवर पाडून बघतात. इथे भिंत नाही, पण पुढच्या ट्रॉलीचा फाळका, म्हणजे मागची उघडणारी फळी, समोरच असतो. फाळक्यापासून दहा पावलं मागे गाडी उभी करायची. दिव्याच्या उंचीला फाळक्यावर चुन्याचं बोट ओढायचं. डिमचा उजेड त्या चुन्याच्या वीतभर खाली तुटला पाहिजे. वर गेला तर समोरच्याच्या डोळ्यांत, फार खाली गेला तर आपल्याच पायात. बप्पाच्या मागच्या ट्रॉलीचा फाळका या कामाला चांगला म्हणून नावाजलेला होता, कारण त्यावर लाल रंगात मोठी अक्षरं होती आणि रेघ कोणत्या अक्षराखाली आली ते लगेच सांगता येई.

बप्पानं बल्ब बाहेर काढून मला दाखवले. प्रत्येकाच्या दोन्ही अंगांना बारीक चिप असतात. त्या डावी-उजवीकडे यायला हव्यात. मी त्या खाली-वर बसवल्या होत्या. ती रिंग फिरते ती एवढ्यासाठी.

"खोक्यावर लिहिलं नव्हतं," मी म्हटलं.

"खोकं इकायला असतं, वाचायला न्हाई," बप्पा म्हणाला आणि बॉनेटमध्ये डोकं घालून कामाला लागला. "तू तिथं हुबा ऱ्हा आन् सांग. रेघ कुठं पडली?"

मी फाळक्याकडे बघितलं. पांढरं आणि लाल असं काहीतरी होतं. रेघ दिसेना. पण माणूस आपल्यासाठी एवढं करतोय आणि आपण त्याला अडकवून ठेवायचं, हे मला बरं वाटेना.

"बरोबर पडली," मी म्हटलं.

बप्पानं बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं. "मी आजून बल्ब लावलाच न्हाई बे. त्यो म्होरल्या खांबाचा उजेड हाय."

मी फाळक्याकडे दोन पावलं सरकलो.

"बरं, फाळक्यावर काय लिव्हलंय ते वाच. त्याच्या खाली आणू रेघ."

इथं मला काकूंचं वाक्य आठवलं. दुसरा माणूस बघते. दिसत नाही असं चार लोकांत एकदा तोंडातून गेलं की ते हर्णैपर्यंत जायला किती वेळ? त्यापेक्षा दुसरं काहीतरी नसलेलं बरं.

"मला वाचता येत नाही," मी म्हटलं.

बप्पाचा आवाज एकदम मऊ झाला. "आसं म्हण की. त्यात काय. माझ्या बापालाबी येत नव्हतं." आणि त्यानं स्वतः येऊन बघायची तयारी केली. मला इतकी लाज वाटली की मी गाडीच्या चाकाकडे बघत राहिलो. आठवीपर्यंत मराठीत मला कधी कमी मार्क पडले नव्हते.

आसराबाई बैल सोडून वैरण टाकत होती. ती तिथूनच म्हणाली, "वाचता येत न्हाई तर गावाच्या पाट्या कशा वाचत आला? कोकणातनं इचारत आला काय?"

मग ती फाळक्यापाशी जाऊन उभी राहिली आणि तिनं उसाच्या कांड्या वर धरल्या. "मला तरी कुठं वाचता येतंय. मोजता येतं. ही किती?"

"चार," मी म्हटलं. मला चार वाटल्या होत्या.

"दोन हायत. बाकीची माझी बोटं."

रांगेतले दोन-तीन लोक वळून बघू लागले. बाजीराव म्हणाला, "बाजारात आसला बैल कुणी घेत न्हाई."

"त्याला इकायला आणलाय का? गप बसा," आसराबाई म्हणाली. मग माझ्यापुढे येऊन तिनं हात पसरला. "चावी."

"मावशी..."

"चावी दे. आमी दोघं रोज ह्याच रस्त्यानं येतो-जातो. हे वर निजलेलं असतंय. चावी दे."

मी दिली. तिनं ती पदराच्या टोकाला बांधली आणि पदर कमरेला खोचला. "उन्हं वर आली की देते. आष्टीत चष्म्याचं दुकान हाय. आदी तिथं जायाचं, मंग तुझं सिरसाळं."

बप्पानं एलईडी बाजूला ठेवून माझे जुने पिवळे बल्बच परत बसवले. "हे स्वस्तातले ह्या डूममधी, दिव्याच्या वाटीत, कदी नीट बसत न्हाईत," तो म्हणाला. मग दिव्यांच्या पिवळ्या पडलेल्या काचा त्यानं दात घासायच्या पेस्टनं घासून पुसल्या. बाजूच्या लोकांनी बघून सांगितलं की रेघ बरोबर वीतभर खाली पडली आहे आणि उजेडही भरपूर आहे. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

"मंग वाचता येतं का न्हाई तुला?" बप्पानं विचारलं.

"येतं."

"मंग फाळका चष्मा घालून वाचायचा. तवर मी सांगणार न्हाई. बाकी कुणीबी सांगायचं न्हाई रे!"

मी गोणीतून सुकट काढून आसराबाईला दिली. घ्या म्हणताना मला भीती होती की ती फेकून मारेल. तिनं वास घेतला आणि म्हणाली, "चांगलीय." आवाराच्या मागं तोडणी कामगारांच्या कोप्या आहेत, उसाच्या पाचटाच्या झोपड्या. तिथं तिनं सुकट तव्यावर कोरडी भाजली, कांदा आणि ठेचलेल्या मिरच्या टाकल्या. नारळ नाही, कोकम नाही. मी आयुष्यभर सुकट खाल्ली आहे, पण डोळ्यांतून पाणी काढून तीन भाकऱ्या पोटात घालणारी सुकट ती पहिली. बाजीरावनं माझ्या ताटात कांदा फोडून ठेवला. बैलाची गोष्ट तो मनात धरून नव्हता. मी होतो.

त्यांचं गाव पाटोद्याकडचं. दरवर्षी ते ऊस तोडायला कोल्हापूरकडे जात. या वर्षी टोळी जिल्ह्यातच लागली.

"घर जवळ पडत असेल मग," मी म्हटलं.

"जायाला तर मिळतच न्हाई," आसराबाई म्हणाली. "पर हाय जवळ, आसं वाटत ऱ्हातंय."

मला हर्णै किती लांब आहे ते आठवलं आणि मी पाणी प्यालो.

आष्टी

सकाळी तिनं पदराची गाठ सोडून चावी दिली. आष्टीपर्यंत मी इतका हळू गेलो की एका सायकलवाल्यानं मागे वळून दोनदा चौकशी केली.

चष्म्याच्या दुकानात कपाळावर विभूती लावलेले एक गृहस्थ होते, त्यांना लोक अप्पा म्हणत होते. मी दारात पाऊल टाकलं आणि त्यांनी हात वर केला.

"तिथंच थांबा. काय आहे हे?"

"सुकी मासळी."

"अंगावर?"

"गाडीत. पण मी तिच्याबरोबरच असतो."

"गाडी त्या चौकाच्या पलीकडं लावा. हात धुवा. मग या."

मी तिन्ही गोष्टी केल्या. अप्पांनी नाकाला रुमाल लावून माझे डोळे तपासले, पण घाई केली नाही. वरचं एकच मोठं अक्षर मला आलं. त्यांनी माझ्या नाकावर एक जड लोखंडी चौकट ठेवली आणि तीत काचा बदलत राहिले. "आता? आणि आता?" एका काचेला अक्षरं ओळीनं उभी राहिली. मी सगळी वाचली, खालचीसुद्धा, आणि थांबलोच नाही. छापणाऱ्याचं नावही वाचलं.

"बाहेर बघा," अप्पा म्हणाले.

समोरच्या छपरावर एक माणूस पत्र्याला खिळे ठोकत होता. मघापासून ठक ठक आवाज येत होता. तो कुणाचा, हे तेव्हा कळलं.

"शिक्षण किती?" अप्पांनी विचारलं.

"आठवी."

"का सोडलं?"

"फळ्यावरचं मी शेजारच्या पोराच्या वहीतून उतरवत असे," मी सांगितलं. "आठवीत त्याच्या वडिलांची बदली झाली. मग सर म्हणाले, याचं लक्ष नाही. मलाही तसंच वाटलं."

अप्पांनी नाकावरचा रुमाल काढला. हातातली काच त्यांनी पुसली. ती स्वच्छच होती. पुन्हा पुसली. मग म्हणाले, "तासाभरात देतो. चहा घ्या तोवर. आत बसून घ्या."

चष्मा मिळाल्यावर मी बाहेर येऊन काकूंना फोन लावला. बोट नंबरावर ठेवून मी बराच वेळ उभा होतो.

"काकू, दिवे ठीक होते. मला दिसत नव्हतं."

काकूंच्या मागे बोंबलांवरच्या कावळ्यांना कुणीतरी हाकलत होतं.

"कधीपासून?"

"शाळेपासून."

"आणि माझी गाडी चालवत होतास."

"हो."

"गोण्या कोरड्या आहेत?"

"आहेत."

"आता दिसतं?"

मी रस्त्याच्या टोकाची पाटी वाचून दाखवली. मग त्याच्या पलीकडच्या दुकानाची. काकूंनी मधेच फोन ठेवला. याचा अर्थ काय घ्यायचा, यावर मी सिरसाळ्यापर्यंत विचार केला.

सिरसाळा

रस्ता तोच सरळ होता. ठिपके दिसू लागले. ठिपक्याची गाडी होताना मी पहिल्यांदा बघत होतो आणि प्रत्येक ठिपक्याला उगाच हॉर्न देत होतो.

सिरसाळ्याचा बाजार कापूस, ज्वारी आणि जनावरांच्या दोरखंडांचा. मासळीच्या व्यापाऱ्यानं गोणीत हात घालून एक बोंबील मोडला, चावला आणि मान हलवली. मला हुलग्याचे शेंगुळे खायला घातले, तिखट रश्शात शिजवलेले. आमच्याकडे कुळथाची पिठी करतात. तेच धान्य इकडे येऊन वळ्या घालून बसलं आहे. ओळख पटल्यावर मला बरं वाटलं.

मी जेवत असताना काकूंचा फोन व्यापाऱ्याला आला. त्यानं बोलून माझ्याकडे बघितलं. "काकू म्हणतेत, फुडल्या पंधरवड्याला आजून धा गोण्या. आन् चष्मेवाल्यालाच धाडते म्हणल्या."

मी शेंगुळ्यात खाली बघितलं. चष्म्यावर वाफ धरली होती. चष्मा नवीन असल्यामुळे तो कसा पुसायचा हे मला अजून माहीत नव्हतं.

परत कडा

दुसऱ्या दिवशी येताना कारखान्यावर थांबलो. आसराबाईनं माझा चष्मा बघून उसाच्या कांड्या वर धरल्या. "तीन," मी म्हटलं. "आणि मधल्या बोटाला चिंधी बांधली आहे." ती म्हणाली, "लई झालं, इतकं नगं बघू."

एलईडीचा जोड मी तिलाच देऊन आलो. बप्पानं कोपीत जुनी बॅटरी आणून ठेवली होती. बाजीरावनं तिच्यावर एक बल्ब जोडून खाली तोंड करून टांगला. उजेड चुलीवर आणि परातीवर पडतो. बैलांकडे जात नाही. ते तिनं आधीच बघून घेतलं.

बप्पा तिथं नव्हता, पुढच्या खेपेला गेला होता. दिवस मावळताना तो मला नगरच्या रस्त्यावर पुढं दिसला. रिकाम्या ट्रॉल्या खडखडत होत्या. मी माझे पिवळे दिवे लावले. रस्ता दिसत होता आणि त्याची कडही दिसत होती, दोन्ही वेगवेगळे. मागच्या फाळक्यावर लाल अक्षरं होती.

डिम करा. आमालाबी घरी जायाचंय.

शेवटचं अक्षर वाचून होईपर्यंत माझा अप्परच चालू होता. मग मी डिम केला. रेघ चुन्याच्या वीतभर खाली आली. चुना अजून पुसला गेला नव्हता.

बप्पानं खिडकी नसलेल्या त्या ट्रॅक्टरवरून हात बाहेर काढून हलवला. तो पुढं जा म्हणत होता, की वाचलंस का विचारत होता, हे चष्म्यातूनही कळलं नाही. पुढं जायला रस्ता मोकळा होता. मी मागेच राहिलो.